सहा ते सहा रस्ता बंद

पहिल्या वर्षी नोटीस लागली
क्रीमरीच्या दारावर, दुधाच्या दराखाली:
रविवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा
नॉकनाब्रोन ते ग्लेनारा रस्ता बंद.
ब्रोगनबाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
"बंद? रस्ता म्हणजे काय दुकान आहे?"

फादर हॅनिफीननी मिसा पहाटे पाचला घेतली,
अर्धं गाव झोपेतच आमेन म्हणालं.
मग कोंबड्या कोंडल्या, गाढव बांधलं,
आणि आम्ही गडग्यांवर चढून बसलो
ओल्या दगडांवर गोणपाट टाकून.
ज्या वाटेने आजवर फक्त
पीटच्या गाड्या आणि शवपेट्या गेल्या, सावकाश,
तिच्यावरून एकोणीस मोटारी आल्या.
आधी आवाज. मग चिखल. मोटार दिसलीच नाही नीट.

अकरा पोचल्या.
उरलेल्यांची नावं वळणांना मिळाली.

डेंटिस्टचा पूल: डब्लिनहून आलेला दातांचा डॉक्टर
कठड्यापाशी स्वतःचे दोन ठेवून गेला.
टूहीचं वळण: इथून मॅलकी टूही
एस्कॉर्टसकट कोबीत उतरला.
ब्रोगनबाईंनी एकवीस गड्डे मोजून पैसे घेतले
आणि पुढल्या वर्षी मुद्दाम तिथेच कोबी लावला,
रस्त्याला आणखी थोडा जवळ.

मॅलकीच्या शेजारी माझा फिंटन बसायचा,
मांडीवर वही, दातांत पेन्सिल.
डावं तीन, आत घेऊ नको, दगड.
उजवं पाच, उडी, सरळ सोड.
सतरा वर्षं तो या रस्त्यावरून सुसाट गेला
आणि रस्ता कधी पाहिला नाही त्याने,
वाचला.
घरी मात्र मीठ कुठे आहे, रोज विचारायचा.

तेल महागलं त्या साली रॅली नव्हती.
गुरांना रोग आला त्या साली नव्हती;
फाटकाफाटकाशी औषधात भिजवलेलं गवत,
आणि कुणी कुणाच्या घरी जात नव्हतं.
बाकी दरवर्षी. पाऊस हे कारण धरत नाहीत इथे.

एका शनिवारी रात्री पॅच लव्हेल गेला.
असा वेडा, की दुसऱ्याच दिवशी पुरा म्हणून सांगून गेला.
दफनभूमी रस्त्यापलीकडे.
कॉरमॅकने दोर सोडला, लाल झेंडा धरला,
आणि मोटारी एकामागे एक थांबल्या, इंजिनं बंद.
हेल्मेटं काखेत घेऊन पोरं उभी राहिली
डोकी ओली होऊ देत.
खांदा द्यायला एक माणूस कमी पडला,
तर नवव्या मोटारीतला कुणी फिन्लंडचा
न विचारता पुढे झाला. उंच होता.
पेटी त्या बाजूने जरा वर राहिली, इतकंच.
निकालाच्या वहीत नोंद आहे:
विलंब, बावीस मिनिटे. कारण: लव्हेल.

गेल्या साली काउन्सिलने रस्ता रुंद केला.
टूहीचं वळण सरळ झालं,
नाव तेच राहिलं.
शाळेतली पोरं विचारतात, वळण कुठाय?
मोठी माणसं हाताने हवेत काढून दाखवतात.

ब्रोगनबाईंची नात सॉर्खा आता स्वतः चालवते,
दोनदा पहिली आली.
परवा फिंटनची वही मागायला आली होती.
मी चहा दिला. केक दिला.
वहीचं बोलणं निघालं तेव्हा
खिडकीबाहेर बघत राहिले.

शुक्रवारी मी पाव आणायला जाते,
ताशी पंचवीस मैल, मागे ट्रॅक्टर खोळंबलेला.
वही बाजूच्या सीटवर. उघडत नाही, पाठ आहे.
डावं तीन, आत घेऊ नको, दगड.
दगड काढून नेलाय त्यांनी.
तरी मी आत घेत नाही.